पोरगी जत्रा बघत नाही

वेन्नेलानं नळ पुरता सोडला आणि बादलीत पाणी धबाधबा पडू दिलं. ती तोंड धुतेय असं बाहेर वाटायला हवं होतं. मग चांगल्या पायावर भार टाकून ती न्हाणीच्या दाराला कान लावून उभी राहिली.

बाहेर लॉजच्या व्हरांड्यात तिची आजी, कोमरव्वा, गावाकडच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. फोन नुसता धरायला असतो, आवाज पलीकडं आपणच पोचवायचा असतो, अशी कोमरव्वाची समजूत. त्यामुळं दाराला कान लावायची तशी गरज नव्हती.

"काय सांगू तुला. पोरगी माघातली जत्रा काही बघत नाही," कोमरव्वा म्हणत होती. "डॉक्टरम्मा कापायचं म्हणते. पण कापून काय होणार? संपलं म्हण."

वेन्नेलानं नळ बंद केला. बादली केव्हाच भरून वाहत होती.

हे वाक्य तिनं तिसऱ्यांदा ऐकलं होतं. पहिल्यांदा सोमवारी संध्याकाळी, आजी तिच्या आईला सांगत होती तेव्हा. वेन्नेला झोपलीय असं दोघींना वाटलं होतं. दुसऱ्यांदा शेजारच्या खोलीतल्या बालमणीला. बालमणीच्या नवऱ्याच्या घशाचं काहीतरी चाललं होतं आणि ती सिद्दिपेटहून आलेली होती. आणि आता हे.

तिन्ही वेळा शब्दन् शब्द तेच. वेन्नेला घाबरली ती त्यामुळं.

कारण कोमरव्वाची कुठलीच गोष्ट दुसऱ्या दिवशी तेवढीच राहत नसे. तरुणपणी जंगलात मोहाची फुलं वेचताना तिला अस्वल आडवं आलं होतं आणि तिनं त्याला मोहाची दारू पाजून झोपवलं होतं. वेन्नेला लहान होती तेव्हा ते अस्वल एक होतं. ती शाळेत जायला लागली तेव्हा दोन झाली. परवा बालमणीला सांगताना अस्वलं पाच होती, आणि त्यातलं एक सकाळी डोकं धरून ताक मागायला दारात आलं होतं. बालमणीनं विचारलं, दिलंत का? कोमरव्वा म्हणाली, दिलं की, पण भांडं परत आणून दिलं नाही मेल्यानं.

अशा बाईच्या तोंडून एक वाक्य तीनदा आलं आणि वाढलं नाही. वाढत नाही म्हणजे खरं असणार. वेन्नेलानं बादलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि टॉवेल न घेताच बाहेर आली.

तिच्या उजव्या मांडीत लोखंड होतं. गुडघ्याच्या वरचं हाड सडलं म्हणून काढलं आणि तिथं दांडी घातली, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती. त्या वेळची औषधं, गेलेले केस, तोंडात आलेले फोड, सगळं तिला आठवत होतं. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तेव्हाही सगळे तिला म्हणत होते की पायाला सूज आहे. आता या वेळी नेहमीच्या तपासणीला म्हणून मुलुगुहून तिघी हैदराबादला आल्या, छातीचा फोटो काढला, मग मोठ्या मशीनमध्ये घालून आणखी फोटो काढले, आणि आई म्हणाली, छातीत कफ साठलाय.

पण वेन्नेला एकदासुद्धा खोकली नव्हती.

संशय यायला तेवढंच नव्हतं. काल आईनं तिला रेशमी लंगा-वोणी, म्हणजे परकर-ओढणी, घेऊन दिली, जांभळी, सोनेरी काठाची, आणि दुकानदाराशी भावसुद्धा केला नाही. तिची आई, जी वांग्यामागं भांडायची. वडिलांचा, बापूचा, मस्कतहून फोन आला तेव्हा वेन्नेलानं मुद्दाम, बघू या म्हणून, नवा मोबाइल मागितला. दोन वर्षं तो नाही म्हणत होता. तो लगेच म्हणाला, "घेऊ बिड्डा, कुठला पाहिजे?" मागेल ते मिळायला लागलं होतं.

खोलीत आई पिशवी भरत होती. जांभळी लंगा-वोणी सगळ्यांत वर होती.

"अम्मा, परत चाललोय आपण?"

"हो. उद्या दुपारची बस आहे. बतुकम्माचा सण आलाय तोंडावर. तुझ्या मैत्रिणी फुलं गोळा करायला लागल्या असतील."

"आणि कफ?"

"आलं-गुळाचा काढा देईन."

"आलं-गुळासाठी हैदराबादला आलो?"

आईनं पिशवीतली एक घडी बाहेर काढली, मोडली आणि परत तशीच घातली. तिचे डोळे सुजलेले होते. सोमवारपासून ती रोज कांदा चिरते असं सांगत होती, आणि खोलीत स्टोव्हच नव्हता.

"जाऊन ये बाहेर, अम्मम्मा बसलीय बघ," ती म्हणाली.

व्हरांड्यात कोमरव्वा पाय पसरून उकडलेल्या शेंगा सोलत होती. टरफलं नीट एका बाजूला, दाणे दुसऱ्या बाजूला. वेन्नेला भिंतीला धरून तिच्याजवळ बसली. न वाकणारा पाय पुढं सरळ ठेवला.

"अम्मम्मा, डॉक्टरम्मा सोमवारी काय म्हणाली?"

"काय म्हणणार. लांब नाव आहे त्याचं. माझ्या तोंडात मावत नाही."

"पाच अस्वलं मावतात."

"अस्वलं ओळखीची होती."

"अम्मा तेव्हा कुठं होती?"

"ती रक्ततपासणीच्या पाटीसमोर रांगेत. तू मशीनमध्ये. मग डॉक्टरम्मा कुणाला सांगणार? मलाच."

वेन्नेलानं एक दाणा उचलला, पण खाल्ला नाही. "मी मरणार का गं?"

कोमरव्वाची बोटं थांबली नाहीत. ती वर छपराकडं बघून, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली, "हिच्यात राहिलंय काय? अर्धी लोखंड, अर्धी हाडं. ही काळी कावळी कुणाच्या काय कामाची? आज आहे, उद्या नाही."

खालच्या चहाच्या गाड्यावरच्या दोघांनी वर बघितलं.

वेन्नेला आजीकडं बघत राहिली. आजीनं तिला काळी कावळी म्हणणं नवीन नव्हतं. जन्मल्यापासून तिला आजीकडून चांगलं नाव मिळालं नव्हतं. पण आत्ता ती जे बोलली ते वेन्नेलाशी बोलली नव्हती. तिच्या डोक्यावरून कुणाशी तरी बोलली होती. आणि बोलून झाल्यावर तिनं सोललेले सगळे दाणे वेन्नेलाच्या ओंजळीत ओतले, एकही स्वतःला न ठेवता.

हे दाणेही मोबाइलसारखेच, वेन्नेलाच्या मनात आलं.

"उद्या फोटो परत आणायला जाणार ना डॉक्टरम्माकडं? मी पण येणार आत," ती म्हणाली.

दारातून आईचा आवाज आला. "तू बाहेर बाकावर बसशील."

"मग मी बसमध्ये चढत नाही. लोखंडाचा पाय आहे, बघा उचलतोय का दोघींना."

आई आत वळली. कोमरव्वा गालातल्या गालात हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला, जसं काही ते हसू कुणी बघायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिघी डॉक्टर नुझहतच्या खोलीत गेल्या तेव्हा तिथं तीनच खुर्च्या होत्या. एकीवर फायली होत्या, त्या तिनं स्वतः उचलून खाली ठेवल्या. ती पन्नाशीची, बुटकी, डोक्यावरून ओढणी घेतलेली बाई होती. तिचं तेलुगू शुद्ध होतं, घाईत असली की त्यात जुन्या शहरातली उर्दू शिरायची.

"बसा. काय ठरलं?"

आई उभीच राहिली. "फोटो परत द्या डॉक्टरम्मा. आम्ही घरी नेतो तिला."

"घरी? ऑपरेशन?"

"नको. उगाच पोरीला फाडून काय मिळवायचं? सुरी लागली की ते पसरतं म्हणतात. राहिलेले दिवस तरी तिला सुखानं..." आईला एकदम आठवलं की वेन्नेला खोलीत आहे. तिनं ओठ दाताखाली धरले.

वेन्नेला आईकडं बघत नव्हती. ती डॉक्टरकडं बघत होती. डॉक्टरच्या कपाळावर आठी पडली होती, आणि ती आठी दुःखाची नव्हती. चुकीचं बिल हातात आल्यावर माणसाच्या कपाळावर येते तसली होती.

"राहिलेले दिवस? हे कुणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टर म्हणाली.

"तुम्हीच की. सोमवारी. माझ्या अम्माला."

डॉक्टर कोमरव्वाकडं वळली. "अम्मा, मी असं म्हणाले?"

कोमरव्वा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "माझं वय झालं. कानात कधी येतं कधी नाही."

"त्या दिवशी तर तुमच्या कानात सगळं येत होतं. तुम्ही मला चार प्रश्न विचारलेत. माझ्या शिकाऊ डॉक्टरांनी एवढे विचारले नसते."

आईनं आजीकडं बघितलं. मग हळूच खुर्चीत बसली.

"मला सांगा," वेन्नेला म्हणाली. "कफ म्हणू नका."

डॉक्टरनं आईकडं बघितलं. आई खाली बघत होती, पण तिनं मान हलवली.

"ठीक आहे बेटा. कफ नाही. पायात होता तोच आजार, फुप्फुसात आलाय. तीन गाठी आहेत." तिनं फोटो उजेडावर लावला आणि पेन्सिलच्या टोकानं दाखवल्या. काळ्यावर तीन पांढरे ठिपके होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. "आता हा परत आला की सगळ्यांचं सारखं नसतं. मी काय बघते, तर पहिलं, किती दिवसांनी आला. औषधं संपून वर्षाच्या आत आला तर आम्हीपण मान खाली घालतो. तुझा पावणेतीन वर्षांनी आलाय. दुसरं, कुठं आला. फुप्फुस सोडून दुसरीकडं कुठंच नाही. पायात नाही, बाकीच्या हाडांत नाही. फुप्फुसातही एकाच बाजूला, आणि कडेला. आणि तीनच. पंधरा-वीस नाहीत."

वेन्नेला ठिपक्यांकडं बघत होती. "आणि वाईट काय?"

"वाईट पण आहे. पहिल्या वेळी पायातली गाठ काढून तपासली, तेव्हा औषधानं तिच्यातलं जेवढं मरायला पाहिजे होतं तेवढं मेलं नव्हतं. ते आपल्या विरुद्ध जातं. आणि आत हात घातल्यावर फोटोत नसलेली एखादी गाठ सापडू शकते. सापडली तर तीही काढायची. खरं सगळं त्यावरच आहे. सगळ्या निघाल्या पाहिजेत. मला वाटतं निघतील."

"सुरी लागून पसरत नाही?" आईनं विचारलं. तिचा आवाज बसला होता.

"नाही. आत ठेवली तर पसरते."

"निघाल्या तर काय?" वेन्नेला म्हणाली.

"तर तुझ्यासारख्या दहा मुली घेतल्या तर चार-पाच पुढं बरीच वर्षं नीट राहतात. लग्नं होतात, भांडणं करतात. बाकीच्यांना परत येतो. कधीकधी तो परत काढता येतो. आणि नाहीच काढलं, घरी गेलीस, तर दहांतली एकही मी दाखवू शकणार नाही."

बाहेर शिपाई पुढचं नाव पुकारत होता.

मग आई आजीकडं वळली. ती ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. "तुला हे सगळं माहीत होतं? आणि तू मला म्हणालीस संपलं? तीन रात्री मी..."

"तुला रांगेतून आल्या आल्या सांगायला तोंड उघडलं होतं मी," कोमरव्वा म्हणाली. "पण बघितलं तर कुठं उभी होतीस? दारात. सगळा दवाखाना येता-जाता ऐकत होता."

"ऐकू दे की. कोण ऐकतं?"

"कोण ऐकतं म्हणून विचारतेस? यमाची माणसं दुसरीकडं कशाला हिंडतील? त्यांचं हापीसच इथं आहे." कोमरव्वानं आवाज खाली आणला. "तुझं नाव पेंटम्मा कसं पडलं?"

आई खुर्चीत मागं टेकली.

"तुझ्या आधी दोन गेली माझी. दोन्ही गोरी-गोमटी. दोघांना मी राजा म्हटलं, राणी म्हटलं, गावभर मिरवलं. तू झालीस तेव्हा तुला नेऊन उकिरड्यावर टाकलं. पेंटावर. शेजारणीनं मूठभर कोंडा देऊन विकत घेतली तुला. मी सगळ्यांना सांगितलं, मेलेलीच आहे, कचरा आहे, कुणाला पाहिजे? मग कुणी नेली नाही. बसलीयस आता इथं, माझ्यावर डोळे वटारत."

"म्हणून तू असं..."

"ह्या बाईनं सांगितलं, वेळानं आला, थोडाच आहे, निघेल. एवढं चांगलं चारचौघांत बोलायचं असतं का? मी म्हटलं, दडवून ठेवावं. उलटं सांगत सुटावं. ऐकणाऱ्याला वाटू दे ही आमचीच झाली, तिच्याकडं वळायला नको." तिनं पदराचं टोक सोडलं आणि परत गुंडाळलं. "तू तिकीटच काढशील हे मला कुठं माहीत? मला वाटलं तू माझी लेक आहेस, तुला कळेल."

आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते आणि ती रडतेय का हसतेय ते सांगता येत नव्हतं.

वेन्नेला मात्र हलली नाही. तिला कुठंतरी टोचत होतं. आजी आणि डॉक्टर, दोघींनी सोमवारी बसून बोलणं केलं होतं. चार प्रश्न विचारले होते. आता ही नवी गोष्ट दोघींनी मिळून रचलेली नसेल कशावरून? पोरगी घरी चाललीय, तिला काहीतरी गोड सांगून टेबलावर झोपवा. सूज, कफ, आणि आता हे.

"परत सांगा," ती डॉक्टरला म्हणाली.

"काय?"

"सगळं. पहिल्यापासून."

डॉक्टरनं घड्याळाकडं बघितलं, बाहेरच्या गर्दीकडं बघितलं, आणि परत पेन्सिल उचलली. पावणेतीन वर्षं. एकच बाजू. तीन. दहांतल्या चार-पाच. काही वाढलं नाही, काही कमी झालं नाही.

पण ही परीक्षा एकदा फसली होती. न वाढणारी गोष्ट खरी असते हे वेन्नेलानंच ठरवलं होतं, आणि तेच खोटं निघालं होतं. म्हणून डॉक्टर दुसऱ्यांदा सांगत असताना ती डॉक्टरचं तोंड बघत नव्हती. ती आजीला बघत होती.

कोमरव्वाचा चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टर "पावणेतीन वर्षांनी" म्हणाली तशी तिनं टेबलाखाली बोटं मोडली. "एकाच बाजूला" म्हणाली तशी ती कुणाला दिसणार नाही अशा बेतानं डावीकडं थुंकल्यासारखं करून मोकळी झाली. "निघतील" हा शब्द आला तेव्हा ती उठली, खिडकीपाशी गेली आणि दोन्ही दारं ओढून कडी लावली. कडी लावताना ती दोनदा चुकली. जिनं पाच अस्वलांना रांगेत बसवून दारू पाजली होती, ती खिडकीच्या काचेतून बाहेरच्या रिकाम्या जिन्याकडं बघत उभी होती.

आजीला खोटं बोलताना वेन्नेलानं आयुष्यभर बघितलं होतं. तेव्हा ती अशी कधीच दिसली नव्हती. तेव्हा ती मजेत असायची.

वेन्नेलानं खुर्चीच्या हाताला धरून स्वतःला उठवलं. पाय सरळ केला. मग ती बंद खिडकीकडं तोंड करून, जिन्यावरच्या कुणालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"कसलं काय, काही उपयोग नाही. माझ्यात राहिलंय काय? पण आता आलोच आहोत, तर टाका कापून."

आईनं तोंडावरचे हात काढले.

कोमरव्वा वळली. तिनं नातीकडं बघितलं. मग तिनं कडीवरचा हात खाली घेतला.

डॉक्टर नुझहतनं पेन्सिल खाली ठेवली. तिनं एकदा आजीकडं, एकदा नातीकडं बघितलं. मग तीही खिडकीकडं वळली, आणि मघापेक्षा वरच्या पट्टीत म्हणाली,

"बरोबर आहे. काही उपयोग नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी या, उपाशीपोटी."